नवीन स्कीममध्ये भाजीचे वाफे: ॲग्रीमेंटच्या आधी बिल्डरला काय काय विचारायचं?

जरगनगरचा_भाडेकरू
नमस्कार मंडळी. पाचगावच्या बाजूला एका नवीन स्कीममध्ये फ्लॅट घ्यायचं जवळपास ठरलंय, टोकन दिलंय, ॲग्रीमेंट व्हायचंय. ब्रोशरमध्ये 'लँडस्केप गार्डन' म्हणून एक चित्र आहे, हिरवंगार लॉन, चार पाम, एक गझिबो, आणि लॉनवर योगा करत बसलेली एक बाई जी काय कोल्हापुरातली वाटत नाही.

प्रश्न साधा आहे. त्या लॉनमधली एक-दीड गुंठा जागा भाजीला का मिळू नये? ज्यांना हौस आहे त्यांना एकेक वाफा, पाण्याचा एक नळ, खुरपी-झाऱ्या ठेवायला एक कपाट, बास. आमच्या गावाकडं घरामागं परडं असायचंच, त्यात अळू, कढीपत्ता, दोन-चार वांग्याची झाडं, आंघोळीचं पाणी सगळं त्यालाच. फ्लॅटात आल्यावर परडं गेलं आणि आता चार पानं कढीपत्त्यासाठी पण ॲप उघडायला लागतंय. बुकिंगवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, साठेक फ्लॅट आहेत, मी विषय काढला तर निम्मे अंगठा दाखवून गायब आणि सेल्सवाला म्हणतोय "पझेशननंतर तुमची सोसायटी ठरवेल की सर". मला वाटतंय पझेशननंतर काय होत नसतंय, जे काय आहे ते आत्ताच प्लॅनवर करून घ्यायला पाहिजे. ज्यांचं जमलंय आणि ज्यांचं फसलंय, दोघांनीही लिहा.

मोरेवाडीची_मावशी
लिहा म्हणताय म्हणून लिहिते. आमच्याकडं लॉन आहे. त्याच्यावर पोरांनी क्रिकेट खेळायचं नाही, कुत्रं फिरवायचं नाही, आम्ही बायका संध्याकाळी बसलो तर गवत पिवळं पडतंय म्हणे. मग ते आहे कशाला, गॅलरीतनं बघायला? आणि एप्रिल-मेमध्ये टँकर आला की पहिला पाइप लॉनला, कारण मेंटेनन्सच्या काँट्रॅक्टमध्ये लॉन हिरवं ठेवायचं लिहिलंय. तेवढ्या पाण्यात पोकळा आणि भेंडी निघाली असती बाई. मी चार वर्षं म्हणतेय, प्रत्येक मिटिंगला "बघू वहिनी".

तांबडा_पांढरा
भावा नाद चांगलाय पण सांगतो काय होणार. पहिले दोन महिने सगळे रविवारी टोप्या घालून हजर, फोटो, स्टेटस, 'आमची सेंद्रिय मेथी'. तिसऱ्या महिन्यात पाऊस, मग गणपती, मग दिवाळी, आणि वाफ्यात काँग्रेस गवत. शेवटी एक रिटायर्ड काका आणि एक वहिनी राहतात, बाकीचे सगळे वरनं बघून "हे काय उकिरडा केलाय" म्हणायला मोकळे. शिवाय डास. डेंग्यू झाला की पहिलं बोट तुमच्या ड्रमकडं. आणि कोथिंबीर कुणी उपटली यावरनं जी भांडणं होतील ती पार्किंगच्या भांडणापेक्षा वाईट, कारण पार्किंगला निदान नंबर तरी असतात.

जरगनगरचा_भाडेकरू
@तांबडा_पांढरा म्हणजे वाफ्याला पण नंबर टाकायचे 😀

नकाशावाला
आर्किटेक्ट आहे, कोल्हापुरातच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोठं झालं तर माफी.

पहिलं नियमाचं. २०२० पासून राज्यात बहुतेक ठिकाणी यूडीसीपीआर (बांधकामाची एकत्रित नियमावली) लागू आहे, आपल्याकडंही तोच. त्यात ०.४ हेक्टर म्हणजे साधारण ४० गुंठे किंवा त्याहून मोठ्या जागेवर लेआउट असेल तर १० टक्के जागा रिक्रिएशनल ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते. म्हणजे एका एकराच्या स्कीममध्ये चार गुंठे मोकळे. बाग म्हणजे लॉन असं काही त्यातून निघत नाही, लॉन येतं ते लँडस्केपवाल्याच्या कॉपी-पेस्टमधून आणि पझेशनच्या दिवशी एका रात्रीत रोल अंथरून हिरवं दिसतं म्हणून. भाजीचा वाफा पझेशनच्या दिवशी तपकिरी दिसतो, तो विकला जात नाही, खरं कारण एवढंच. त्यामुळं चार गुंठ्यांतला एक-दीड गुंठा मागणं ही काय फार मोठी मागणी नाही, बाकीचा पोरांना ठेवा.

दुसरं, आणि हे कुणी बघतच नाही: ऊन. ओपन स्पेस कुठं टाकतात? बिल्डिंगी बसवून जो कोपरा उरतो तिथं. आता कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारी पण सूर्य दक्षिणेकडं कलून ५० अंशाच्या आसपासच असतो. हिशेब केला तर ७० फूट उंच बिल्डिंगची सावली भर दुपारी उत्तरेला ५८-५९ फूट जाते, सकाळ-संध्याकाळ आणखी लांब. आणि आपल्याकडं भाजीचा खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. म्हणजे बाग बिल्डिंगच्या उत्तरेला टाकली तर नेमकी मेथी, टोमॅटो, वांगी यायच्या दिवसांत ती अंधारात. मे-जूनमध्ये तिथं ऊन येतं, तेव्हा साइट दाखवायला नेतात आणि "बघा किती उजेड" म्हणतात. फळभाजीला सहा तास ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. तर पहिला प्रश्न, सँक्शन प्लॅनवर उत्तर कुठं आणि ओपन स्पेसच्या दक्षिणेला काय उभं राहणार आहे.

तिसरं माती. पाचगाव-मोरेवाडीचा माळ म्हणजे वर वीतभर माती आणि खाली मुरूम. फुटिंगचं खोदकाम करताना ती वीतभर माती पहिल्याच आठवड्यात डंपरमध्ये जाते आणि शेवटी त्याच जागेवर राडारोडा, सिमेंटची खरड, फुटक्या टाइल्स दाबून वर सहा इंच माती टाकून लॉन अंथरतात. सहा इंचात लॉन जगतं, वांगं जगत नाही. बिल्डरला सांगायचं की वरची माती खोदकामाच्या आधी काढून साइटच्या एका कोपऱ्यात ढीग करून ठेव, जागा घेते म्हणून कुरकुर करेल, पण नंतर काळी माती ब्रासनं विकत आणण्यापेक्षा स्वस्तच पडतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, दहा बाय चारचा वाफा फूटभर भरायला ४० घनफूट लागतात, किती वाफे गुणिले किती ते बघा.

चौथं पाणी. उन्हाळ्यात भाजीला रोज साधारण ५ मिलिमीटर पाणी धरलं तर एका गुंठ्याला ५०० लिटर. पिण्याच्या लाइनवरनं हे द्यायचं म्हटलं की भांडण नक्की. बोअरची किंवा वापरलेल्या पाण्याची वेगळी लाइन बागेपर्यंत प्लंबिंग चालू असतानाच टाकून घ्या. नंतर पेव्हर ब्लॉक उखडून पाइप टाकायला कुठलीच कमिटी परवानगी देत नाही.

मोरेवाडीची_मावशी
सावलीचं हे मला आज कळलं. आमचं लॉन दिवाळीनंतर का झोपतंय ते पण.

तांबडा_पांढरा
@नकाशावाला सर हे सगळं फी घेऊन सांगायचं असतंय, असं फुकट वाटू नका 🙏

गच्चीवर_काय
एवढा खटाटोप कशाला, गच्ची आहे की. ऊन भरपूर, कुत्री नाहीत, डुकरं नाहीत, दहा-बारा वाफे विटांचे बांधायचे आणि माती भरायची. नवीन स्कीमला गच्चीवर बाग असं मागून घ्या.

लोड_मोजा
थांबा थांबा. स्ट्रक्चरवाला आहे. आयएस ८७५ च्या भाग २ प्रमाणं जिथं माणसं जातात अशा गच्चीला १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वरनं येणारं वजन) धरतात, म्हणजे साधारण १५० किलो. ओल्या मातीचा फूटभर थर ५००-६०० किलो प्रति चौरस मीटर होतो. आता तुम्हीच सांगा. कुंड्या, ग्रो बॅगा, कोकोपीट-पाचट-कंपोस्टचं हलकं मिश्रण, ते पण बीमच्या रेषेवर आणि भिंतीकडेनं, तोपर्यंत चालतंय. सलग वाफे पाहिजेत तर डिझाइन करतानाच स्लॅबला तेवढं लोड धरायला सांगा आणि वॉटरप्रूफिंगवर रूट बॅरियर (मुळं अडवणारा थर) टाकून घ्या. स्लॅब पडल्यावर कुणालाही विचारून उपयोग नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या बेडरूममध्ये जुलैत गळायला लागलं की बाग, कंपोस्ट, सेंद्रिय सगळं एका मिटिंगमध्ये खाली येतं.

गच्चीवर_काय
म्हणजे कुंड्या. बरं.

निवृत्त_कृषी
धागा चांगला आहे. कृषी खात्यात नोकरी झाली, आता आपटेनगरात घरी बसून दहा कुंड्या सांभाळतो.

एक गोष्ट कोल्हापूरकरांनी विसरू नये. श्रीपाद अच्युत दाभोळकर सरांचा प्रयोग परिवार, म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करायची चळवळ, ह्याच गावातला. तासगावच्या द्राक्षवाल्यांना प्रयोग करायला लावणारे तेच, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं हे पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडून सांगणारे पण तेच. पुढं मुंबईत गच्चीवर उसाची चिपाडं आणि काडीकचरा वापरून जी शहरी शेती सुरू झाली तिच्या मुळाशी त्यांचंच डोकं. आणि इथं आपण लॉनला युरिया टाकतोय.

माती नाही म्हणून अडून बसू नका. मुरमावर वाफा करायचा असेल तर खाली राडारोडा वेचून काढा (टाइलचे तुकडे हाताला लागतात, खुरपं बोथट होतंय), मग वीतभर उसाचं पाचट दाबून भिजवायचं, त्यावर शेणखत, त्यावर असेल ती माती. पाचट आपल्याकडं शेतकरी अजून पेटवून देतात, ट्रॉलीभर मागितलं तर नेणाऱ्यालाच धन्यवाद म्हणतील. साखर कारखान्याची मळी (रस गाळून उरणारा गाळ) मिळाली तर कुजवूनच वापरा, ताजी टाकली तर मुळं भाजतात. सहा महिन्यांत पाचट बसतं आणि वाफा अर्ध्यावर येतो, तेव्हा घाबरू नका, परत भरा.

आता हंगाम. लोक पहिली चूक करतात ती जूनमध्ये उत्साहानं मेथी-कोथिंबीर टाकायची. जुलैची झड लागली की पंधरा दिवस ऊन नाही, सगळं कुजतं, आणि मग "आमच्याकडं काय येत नाही" म्हणून बाग बंद. पावसात वेली घ्या, दोडका, कारली, काकडी, मांडवावर. अळू घ्या. जमिनीवरच्या पालेभाजीचा नाद गणपती होईपर्यंत सोडा. दसऱ्याच्या आसपास वांगी-टोमॅटोचा तरवा (रोपं) लावायचा, मेथी, शेपू, चाकवत, मुळा, घेवडा, पावटा सगळं तेव्हा. मेथी महिन्याभरात हातात येते, त्यामुळं नवीन माणसाचा पहिला वाफा मेथीचाच असावा, उत्साह टिकतो. धने टाकताना रगडून दोन फाकी करून टाका, अख्खे टाकले तर उगवण निम्मी. उन्हाळ्याला पोकळा, गवारी, भेंडी.

पावसात गोगलगायी येतात, एका रात्रीत रोपं साफ. औषध मारू नका, पोरं फिरतात. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला टाकायचं, पहाटे त्याखाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात. कोल्हापुरात गुळाला काय तोटा.

मोरेवाडीची_मावशी
काका, चाकवताचं बी कुठं मिळतंय हो आता? लक्ष्मीपुरीत बियाणांच्या दुकानात मागितलं तर हायब्रीड पालकाचं पाकीट पुढं करतात.

निवृत्त_कृषी
दुकानात नाही मिळायचं. बाजाराला गावाकडनं म्हाताऱ्या बायका भाजी घेऊन बसतात त्यांना सांगून ठेवा, पुढच्या बाजारी पुरचुंडी बांधून आणतात. एकदा मिळालं की दोन झाडं बियाला सोडायची, परत विकत घ्यायला नको. जवारी (देशी) वांगं, जवारी मिरची, सगळ्याचं तसंच.

शिंगणापूर_रोड
आमच्या बाजूला वेगळीच भानगड आहे. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी कुठवर आलं ते सगळ्यांना माहिताय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, आणि त्याच्यावर गेलं की आमची पार्किंगं पाण्यात. आता एक बिल्डर म्हणतोय पूररेषेतली जी जागा बांधता येत नाही ती आम्ही 'कम्युनिटी फार्म' म्हणून देतो. ऐकायला झकास, गाळाची काळी जमीन, भाजी सोन्यासारखी येईल. पण पुराचं पाणी आठवडा-आठवडा तुंबतंय आणि त्यात अख्ख्या गावाचं ड्रेनेज मिसळलेलं असतंय. पाणी ओसरल्यावर त्या वाफ्यातली कोथिंबीर कच्ची खायची का?

निवृत्त_कृषी
लगेच नाही. उभं पीक काढून टाका, गाळ उन्हात नीट तापू द्या, उलथापालथ करा, नंतर पहिलं पीक शिजवून खायचं घ्या, दोडका-भेंडी वगैरे, कोथिंबीर-मुळा-काकडी त्यानंतर. पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. न विकली जाणारी जागा 'फार्म' म्हणून दाखवून तीच कायद्याच्या १० टक्क्यांत मोजलीय का, ते प्लॅनवर बघा.

नकाशावाला
+१. अगदी हेच. लाल रेषा, निळी रेषा (या दोन्ही पूररेषा) आणि ओपन स्पेस, तिन्ही एका नकाशावर मागा.

वहिवाट_वकील
कायद्याचं थोडं. सेल्सवाला "सोसायटी ठरवेल" म्हणतोय ते अर्धं खरं आहे. रेराच्या, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, व्याख्येत कॉमन एरियात बागा आणि खेळायच्या जागा येतात, म्हणजे ती जागा शेवटी तुमच्या सगळ्यांची. कन्व्हेयन्स झाल्यावर (जागा सोसायटीच्या नावावर झाल्यावर) जनरल बॉडी ठराव करून वापर ठरवू शकते. पण आत्ता सँक्शन प्लॅन किंवा कॉमन एरिया बदलायचा असेल तर रेराच्या कलम १४ प्रमाणं बिल्डर सोडून दोन तृतीयांश अलॉटींची (फ्लॅट घेणाऱ्यांची) लेखी संमती लागते. हे कलम लोक बिल्डरला अडवायला वापरतात, पण तुम्ही ते उलट्या बाजूनंही वापरू शकता. साठ फ्लॅट सगळे विकले गेले असतील तर चाळीस सह्या. नुसतं लॉनच्या जागी वाफे, पक्कं बांधकाम नाही, मोकळी जागा तीच, असं असेल तर प्लॅन बदलायची वेळ बहुधा येणारच नाही, लँडस्केप ड्रॉइंग आणि ॲग्रीमेंटच्या अमेनिटीच्या यादीत ते लिहून आलं की झालं. तोंडी काय बोलला त्याला शून्य किंमत. महारेराच्या साइटवर तुमच्या प्रोजेक्टचा मंजूर लेआउट अपलोड केलेला असतो, तो आधी उतरवून घ्या, ब्रोशर बाजूला ठेवा.

निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन व्हायला पाहिजे, बिल्डर ते पझेशनपर्यंत लांबवतात. लवकर झाली तर बागेचं बोलायला अधिकृत कोणतरी असेल. आणि कोल्हापुरात बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसते, १९७० च्या ॲपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन करतात, तिथं कॉमन एरियाचं वर्णन त्या डिक्लरेशनमध्येच असतं. रजिस्टर व्हायच्या आत वाचा, एरवी लोक सही करतात आणि मग मला फोन करतात.

बुकिट_बातोकची_कोल्हापूरकरीण
इकडचं सांगते, सिंगापूरला असते. इथं २००५ पासून सरकारी पार्क खात्याचा 'कम्युनिटी इन ब्लूम' म्हणून कार्यक्रम आहे, बिल्डिंगांच्या मध्ये रहिवाशांच्या बागा. त्याशिवाय पार्कमध्ये वाफे भाड्यानं मिळतात. केवढा वाफा माहिताय? अडीच मीटर बाय एक मीटर, बास, कमरेएवढ्या उंचीच्या पेटीत. तीन वर्षांसाठी, वर्षाला ५७ डॉलर आणि वर टॅक्स. त्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. तीन वर्षं झाली की सोडायचा, दुसऱ्याची पाळी. माझ्या शेजारच्या पेटीत एक चिनी आजी आहे, ती त्या एवढ्याशा जागेत रताळ्याचा पाला, भेंडी, लवंगी मिरची सगळं काढते आणि माझ्या मेथीकडं बघून हसते. इंग्लंडात याच्या उलट, १९०८ च्या कायद्यापासून मागणी असेल तर कौन्सिलनं जागा द्यायची, आणि पूर्ण प्लॉट म्हणजे जवळपास २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे! तेवढं भांगलायला माणूस रिटायरच पाहिजे.

सांगायचं काय तर वाफा लहान ठेवा आणि मुदत घाला. @तांबडा_पांढरा म्हणतात तसं गवत माजतं ते मोठ्या आणि कायमच्या वाफ्यात.

तांबडा_पांढरा
हे पटलं. मुदतीचं लई पटलं. आमच्यात एकदा जागा धरली की नातवापर्यंत जातीय.

सेक्रेटरी_नाइलाजानं
सगळं वाचलं. आता मी जरा कडू बोलतो.

आमच्या सोसायटीत भाजीची बाग आहे. कुठल्या मिटिंगमध्ये ठरलेली नाही. वॉचमनचं कुटुंब उमदीकडचं, पंपहाउसच्या मागं ड्रेनेज चेंबर आणि कंपाउंड वॉलच्या मध्ये सहा फुटी पट्टा होता, बिल्डरनं फुटक्या टाइल्स टाकलेला. त्याच्या बायकोनं त्या टाइल्स एकेक वेचून उभ्या रोवून वाफ्याची कड केली. तेलाच्या कापलेल्या डब्यांत मिरचीचा तरवा, केबलवाल्यानं टाकून दिलेल्या काळ्या वायरी भिंतीवरनं ताणून दोडक्याचा मांडव, धुण्याचं पाणी पहिलं अळूला, तिथनं पाट काढून चार मक्याच्या ताटांना. कंपोस्ट पिट, ड्रिप, लँडस्केप कन्सल्टंट, काही नाही. पहिलं वर्षभर सगळी सोसायटी "वहिनी जरा अळूची चार पानं द्या, वड्या करायच्यात" म्हणून जायची. तिनं कुणाकडनं रुपया घेतला नाही.

मग एकाच्या गाडीवर दोडक्याचा वेल आला. तिथनं विषय झाला 'सोसायटीच्या जागेचा खासगी वापर'. अजेंड्यावर आला. एक सभासद म्हणाले भाडं लावा. अळूवडीवाल्या वहिनी शेजारीच बसल्या होत्या, बोलल्या नाहीत. शेवटी मिनिट्समध्ये मीच लिहिलं "पार्किंगकडील वेल काढावा, उर्वरित बाबत पुढील सभेत निर्णय", आणि तो पुढील सभेत निर्णय मी अजून कुठल्याच अजेंड्यावर घेतलेला नाही. आणि आता त्याच कमिटीतले दोघे कुठल्या तरी शहरात बघून आलेत आणि त्यांना 'कम्युनिटी गार्डन' पाहिजे, पेट्यांचं कोटेशन आलंय.

तर तुमच्या नियमावलीत वाफा कुणाला मिळणार ते आधी लिहा. फक्त सभासदाला, की जो हातानं पिकवतोय त्यालाही? भाडेकरूला मिळणार का? घरकामाच्या मावशींना? नाहीतर होणार काय, पेट्या सभासदांच्या आणि पाणी घालणार वॉचमनची बायको, ते पण फुकट.

मोरेवाडीची_मावशी
हे वाचून गप्पच बसले. आमच्यात पण असंच आहे, फक्त आमच्यात पपई आहे.

गच्चीवर_काय
पण सेक्रेटरीसाहेब, नियम म्हणून बघितलं तर उद्या प्रत्येक जण कॉमन जागेत काहीतरी लावेल. कुणी तुळशीवृंदावन बांधेल, कुणी पत्रा मारेल. भाडं म्हणणारा माणूस वाईटच असेल असं नाही.

सेक्रेटरी_नाइलाजानं
पत्रा मारणारे आहेतच की, तीन जणांनी टेरेसला मारलेत, त्यांचा विषय अजेंड्यावर येत नाही. दोडका आला.

वहिवाट_वकील
यावर उपाय ठरावातल्या शब्दांत आहे. 'वाफा सभासदास' असं न लिहिता 'सभासद, राहणारे भाडेकरू व सोसायटीचे कर्मचारी यांना, एका कुटुंबास एक, एका वर्षाच्या परवानगीवर' असं लिहा. परवानगी, भाडं नाही, म्हणजे उद्या कुणी हक्क सांगायचा प्रश्न येत नाही आणि गच्चीवर_काय यांची पत्र्याची भीती पण निघते. सलग दोन महिने वाफा पडीक दिसला तर पुढच्या नंबरला. पेट्या, विटांची कडा असलं काही पक्कं करायचं नाही.

लोड_मोजा
कचऱ्याचं कुणी बोललंच नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गेटेड सोसायट्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असं आलं होतं. बऱ्याच स्कीममध्ये त्यासाठी मशीन बसवून देतात, विजेचं बिल बघून दोन महिन्यांत बंद, वर शेवाळ. त्यापेक्षा बागेला लागून विटांचे जाळीदार हौद तीन मागा, एक भरायचा, एक मुरायचा, एक वापरायचा. लाइन बाजारला झूमवर कचऱ्याचा जो डोंगर झालाय त्यात आपली पण भर आहेच. ओल्याच्या दुप्पट सुका पाला टाकला की वास येत नाही, चिलटं होत नाहीत. डासांचं म्हणाल तर ड्रमला झाकण आणि आठवड्याला एकदा कोरडा, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस लागतात, त्याच्या आत पाणी ओतलं की झालं. मनीप्लांटच्या बाटल्या जास्त धोकादायक असतात आणि त्या प्रत्येक घरात आहेत.

जरगनगरचा_भाडेकरू
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. महारेराच्या साइटवरनं मंजूर लेआउट उतरवला. ओपन स्पेस ईशान्येच्या कोपऱ्यात, आणि तिच्या बरोबर दक्षिणेला बी विंग, पार्किंग धरून आठ मजले. म्हणजे @नकाशावाला म्हणतात तसं दिवाळीनंतर अंधार. पूर्वेच्या कंपाउंडला लागून बारा फुटी पट्टा दिसतोय, तिथं पाम आणि पेव्हर दाखवलेत. साइटवर वरची माती अजून शाबूत आहे, खोदकाम एकाच विंगचं चालू झालंय.

नकाशावाला
आधी बघून घ्या तो पट्टा फायर ब्रिगेडच्या गाडीच्या रस्त्यात येत नाही ना, साइड मार्जिन (बिल्डिंगच्या कडेला नियमानं मोकळी सोडलेली जागा) असेल तर अडचण आहे. येत नसेल तर तोच मागा, पाम नकोत म्हणा. पूर्वेला पलीकडं मोकळं असेल तर सकाळचं चार-साडेचार तास ऊन मिळेल, पालेभाजीला पुरे, वांग्या-टोमॅटोला कमी पडेल पण कंपाउंडवर वेल चढवता येतील. ईशान्येचा कोपरा पोरांना ठेवा, तिथं कडेला अळू, पुदिना, गवती चहा. मातीचं मात्र आजच बोला. दुसऱ्या विंगचं खोदकाम चालू झालं की संपलं.

निवृत्त_कृषी
आणि ढीग केला तर वर तागाचं बी फेकून ठेवा, पावसात माती वाहून जाणार नाही आणि हिरवळीचं खत फुकट.

जरगनगरचा_भाडेकरू
ॲग्रीमेंट पुढच्या गुरुवारी आहे. पाच गोष्टी लिहून मेल केलाय: पूर्वेचा पट्टा, माती राखून ठेवणं, बोअरची वेगळी लाइन, कंपोस्टचे हौद, आणि हे सगळं अमेनिटीच्या यादीत. वाफे कुणाला हे सोसायटीचं म्हणून त्यात घातलं नाही, पण ग्रुपवर वकीलसाहेबांचा मसुदा टाकलाय. सकाळपासून चौदा अंगठे आणि एक प्रश्न, "म्हणजे वॉचमनला पण का?"

सेक्रेटरी_नाइलाजानं
हो म्हणून टाका. आत्ताच. पझेशननंतर तो प्रश्न अजेंड्यावर येतो.

मोरेवाडीची_मावशी
चाकवताचं बी मिळालं मला, कपिलतीर्थला एका आजींकडं. दसऱ्याला सांगा, पुडी करून देते.